मुनीमाच्या वहीत नसलेले तास : एका काल्पनिक मंगळवस्तीतील समान वाटपाचे प्रकरण

पार्श्वभूमी

बुलढाणा जिल्ह्यातील एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयात गेल्या हिवाळ्यात, कापसाची दुसरी वेचणी आटोपून तुरीची सोंगणी सुरू होण्याआधीच्या दिवसांत, सहा संध्याकाळी एक खेळ मांडला होता. खेळात मंगळावरची एक काल्पनिक वस्ती होती. तिथे पैसा नव्हता, खासगी मालकी नव्हती, वाटप सर्वांना सारखे होते आणि कोणी काय काम करायचे व कोणाला किती मिळायचे हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक यंत्र ठरवत होते. तिसऱ्या संध्याकाळी हा खेळ अडला. तो कशाने अडला, पुढे काय ठरले आणि त्या ठरवण्याची किंमत काय पडली, याची ही नोंद आहे. गावाचे व खेळणाऱ्यांचे नाव दिलेले नाही आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत.

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. समाजवादी अर्थव्यवस्थेचे गुण-दोष मुले पाठ करून येतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि विसरतात. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याने मात्र विचारले, "सर, सोव्हिएत रशियाचं नियोजन हिशेब जमला नाही म्हणून फसलं ना? आता हिशेब करणारं यंत्र आलं. मग आता काहून नाई जमणार?" प्रश्न जुना आहे. भाव नसतील तर समाजवादी नियोजनाला हिशेबच मांडता येणार नाही, असे अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी १९२० मध्ये म्हटले होते आणि त्यावरचा वाद अर्थशास्त्रात पुढे अनेक दशके चालला. माझ्याकडे पुस्तकातले उत्तर तयार होते, पण ते सांगताना माझेच समाधान होईना. त्यातून हा खेळ निघाला.

वस्ती मंगळावरच का, हे काहींनी विचारले. खेळ आमच्याच शिवारात मांडला असता तर दहा मिनिटांत तो कोणाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आणि कोणाच्या विहिरीवर जाऊन पोचला असता. मंगळावर कोणाचाच धुरा नाही. शिवाय वरून मदत येईल, ही सवयीची आशा तिथे ठेवता येत नाही. पृथ्वीवरून यान पाठवण्याची सोयीची वेळ सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते आणि ग्रहांच्या अंतरानुसार नुसता संदेश पोचायला तीनपासून बावीस मिनिटांपर्यंत वेळ लागतो. वस्तीला आपले आपणच ठरवावे लागते. लोणार आमच्यापासून फार लांब नाही. उल्का आदळून बसाल्ट खडकात झालेले ते विवर मंगळावरच्या विवरांशी मिळतेजुळते असल्याने अभ्यासक तिथे येत असतात, हे मुलांना ठाऊक होते. त्यांनी वस्तीला "धाकटं लोणार" असे नाव देऊन टाकले.

खेळाची मांडणी

बारा जण खेळायला बसले. त्यांत चार महाविद्यालयीन मुले, बचत गटातल्या तीन बाया, दोन वयस्क शेतकरी, एक अंगणवाडी सेविका, एक वायरमन आणि ग्रंथपाल होते. प्रत्येकाकडे पाच माणसांचे एक कुटुंब, म्हणजे वस्ती साठ जणांची. प्रत्येक कुटुंबात काम करणारे तिघे धरले होते. छत्तीस जणांचे रोज प्रत्येकी सात तास, असे २५२ तास वस्तीच्या हाताशी होते. माणशी रोज ०.८४ किलो ऑक्सिजन, २,४०० कॅलरी अन्न आणि पाण्याचा ठरलेला वाटा ही मापे होती.

पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून प्रत्येकीवर चोवीस चौकटी आखल्या होत्या. एक पट्टी म्हणजे एका माणसाचा एक दिवस आणि हरभऱ्याचा एक दाणा म्हणजे कामाचा एक तास. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा असतो, म्हणून मुलांनी पट्टीच्या टोकाला थोडा पुठ्ठा मोकळा सोडला होता. ती चाळीस मिनिटे कोणाची, यावर पहिल्याच दिवशी चर्चा झाली आणि ती चहासाठी आहेत हा वायरमनचा ठराव एकमताने मंजूर झाला.

यंत्र सुट्टीवर आलेल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने लॅपटॉपवर बसवले होते. त्याचे दोन भाग होते. आकडेमोड लिनिअर प्रोग्रॅमिंगने होत होती. उपलब्ध साधने आणि पाळायच्या अटी यांतून सर्वांत फायद्याची मांडणी शोधण्याची ही पद्धत सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये लेनिनग्राडमध्ये एका प्लायवूड उद्योगाचा प्रश्न सोडवताना मांडली आणि पुढे १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दुसरा भाग भाषा जाणणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा होता. निघालेल्या आकड्यांची कारणे तो शुद्ध मराठीत लिहून देई. खेळणाऱ्यांनी या सगळ्या जोडणीला पहिल्या तासातच "मुनीम" म्हणायला सुरुवात केली.

मुनीमाला मी तीन नियम दिले होते. वाटप माणशी सारखे असावे, कामाचे तास सारखे असावेत आणि त्यानंतर जे उरेल ते जास्तीत जास्त धान्यसाठ्यात जावे. प्रत्येक गटाचे पुढचे उद्दिष्ट मागच्या दहा दिवसांच्या उत्पादनापेक्षा पाच टक्के अधिक धरले होते. कामांची यादी चौदा कलमांची होती आणि तीही मीच केली होती. या वाक्याकडे पुढे परत यावे लागणार आहे.

अडचण

पहिल्या दोन संध्याकाळी सारे इतके सुरळीत चालले की मुले कंटाळली. चार हरितगृहे चालू, ऑक्सिजन पुरेसा, साठा ९० दिवसांचा. प्रत्येक दिवसाच्या पत्रकाखाली मुनीम एक ओळ छापत असे: "कुटुंबांमधील तफावत: शून्य."

तिसऱ्या संध्याकाळी मी खेळाच्या पत्त्यांतून धुळीच्या वादळाचे पान काढले. असे वादळ ही कल्पना नाही. २००४ पासून मंगळावर चालत असलेली ऑपॉर्च्युनिटी ही सौरऊर्जेवरची गाडी २०१८ च्या ग्रहव्यापी वादळात वीज न मिळाल्याने कायमची गप्प झाली. आमच्या वस्तीत वीज चाळीस टक्क्यांवर आली. मुनीमाने दोन हरितगृहांचे दिवे बंद केले आणि तिथले तास सौरपट्टे झाडण्याकडे व रात्रपाळीच्या दुरुस्तीकडे वळवले. याच वेळी आजाराचेही पान निघाले आणि काम करणाऱ्यांतील नऊ जण आडवे झाले. राहिलेल्या सत्तावीस जणांचे तास मुनीमाने सातावरून आठ केले, म्हणजे २१६ तास झाले. हिशेबात चूक नव्हती. पत्रकाखाली तफावत पुन्हा शून्यच छापून आली.

अंगणवाडी सेविका बराच वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्यांच्या वाट्याच्या कुटुंबात एक माणूस आजारी, दुसरा रात्रपाळीला आणि दोन लहान मुले होती. राहिलेल्या बाईच्या पट्टीवर त्यांनी दाणे मांडायला घेतले. आठ दाणे मुनीमाने नेमलेल्या कामाचे. चार आजाऱ्याचे. पाच मुलांचे. दोन धुणे आणि घरातल्या सफाईचे. एकोणीस दाणे झाले आणि झोपेसाठी पाच चौकटी उरल्या. शेजारी एका मुलाच्या कुटुंबाची पट्टी होती. त्या घरात लहान मूल नाही, आजारी नाही. तिच्यावर आठ दाणे आणि पुढे सरळ कोरा पुठ्ठा. दोन्ही पट्ट्या त्यांनी एकाखाली एक ठेवल्या आणि मला म्हणाल्या, "सर, मुनीमानं माह्या वाट्याले आठ तास काम अन् सोळा तास आराम लिहिला हाय. आता हा आराम मोजून पाहा."

ते खरे होते. माझ्या चौदा कलमांत ऑक्सिजन, पाणी, हरितगृहे, सामाईक स्वयंपाकघर, सौरपट्टे, दुरुस्ती, औषधोपचार असे सारे होते. आजाऱ्याला औषध देणाऱ्या डॉक्टरचे तास होते, पण त्याच्या उशाशी बसणाऱ्याचे नव्हते. मूल सांभाळणे तर कुठेच नव्हते. जे यादीत नव्हते ते मुनीमाच्या दृष्टीने घडतच नव्हते, आणि म्हणून त्याची शून्य तफावत त्याच्या वहीपुरती अगदी खरी होती.

ही चर्चा चालू असतानाच मुनीमाने दुसरी गोष्ट उघड केली. हरितगृहाच्या गटाने दर फेरीला १८० किलो धान्य नोंदवले होते, मात्र दिलेले पाणी आणि प्रकाश पाहता ते २१० किलोच्या आसपास हवे होते. हा गट दोघा वयस्क शेतकऱ्यांकडे होता. त्यांतल्या मोठ्या बुवांनी हसत हसत कबुली दिली. जास्त पिकवले तरी ताटात तेवढेच पडणार आणि वर पुढचे उद्दिष्ट पाच टक्क्यांनी चढणार, मग सगळे सांगायचे कशाला? शिवाय वादळ येणार हे त्यांना वाटतच होते. "घरात दाणा ठेवल्याबिगर कोणी पेरते काय?"

सोव्हिएत कारखान्यांमध्ये हेच घडत असे. मागच्या कामगिरीवर पुढचे उद्दिष्ट बांधले की व्यवस्थापक कामगिरीच दाबून ठेवत. मी ते वर्गात दरवर्षी शिकवतो आणि तरीही तोच नियम मी स्वतःच्या हाताने लिहिला होता. बुवांना मात्र रशिया आठवण्याची गरज नव्हती. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती आणि त्यांच्या उमेदीची वर्षे त्या योजनेत गेली होती. कापूस सरकारलाच घालायचा, प्रत ग्रेडरने ठरवायची आणि भाव वरून ठरून यायचा. राज्याच्या सीमेपलीकडे भाव चढा असला की कापूस तिकडे जाई आणि इकडे चांगला असला की तिकडचा इकडे येई. योजना चांगली की वाईट, यावर ते एका शब्दाने बोलले नाहीत. हमीचा भाव मिळत होता, हेही त्यांनीच सांगितले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की कागद वर बसून केला की खाली दोन वह्या होतात.

समोर असलेले पर्याय

खेळ थांबवून आम्ही चौथ्या संध्याकाळी केवळ पर्याय बोललो.

मुलांचा पर्याय सरळ होता. मुनीमाची माहिती अपुरी आहे, तर ती पूर्ण करावी. प्रत्येक घरात यंत्राचे डोळे-कान बसवावेत, कोण किती वेळ मुलाला घेऊन बसले ते आपोआप मोजले जाईल आणि हरितगृहातला लपलेला दाणाही सापडेल. तिन्ही बायांनी हा पर्याय पाच मिनिटेही टिकू दिला नाही. कारण त्यांनी तत्त्वाचे दिले नाही, रेशन दुकानाचे दिले. बोंडाच्या टोकांनी बोटे फाटलेली असली की वेचणीच्या दिवसांत दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही आणि माणूस समोर उभा असूनही यंत्र त्याला ओळखत नाही. "जिथं अंगठा नाई उमटत, तिथं जीव लावून बसलेलं काय उमटणार?" असे एकीने विचारले. मला हा युक्तिवाद पहिल्यांदा भावनिक वाटला होता. नंतर विचार करता तो मोजमापाच्या मर्यादेचा नेमका युक्तिवाद आहे असे वाटते.

दुसरा पर्याय ग्रंथपालांचा. तासांची चिठ्ठी काढावी, ज्याने जास्त काम केले त्याच्याकडे जास्त चिठ्ठ्या जमाव्यात आणि त्या एकमेकांत बदलता याव्यात. म्हणजे आडमार्गाने पैसा. इथे मी मुनीमाच्या पोटातला एक आकडा सर्वांना दाखवला. लिनिअर प्रोग्रॅमिंगने उत्तर काढले की प्रत्येक टंचाईच्या वस्तूची एक छाया किंमत आपोआप निघते. वीज आणखी एक एकक मिळाली असती तर साठ्यात किती भर पडली असती, हे ती सांगते. वादळाआधी विजेची छाया किंमत जवळजवळ शून्य होती आणि वादळात ती सर्व वस्तूंच्या वर गेली होती. पैसा काढून टाकला तरी टंचाई कुठेतरी आकडा होऊन उभी राहतेच. बुवांना हे ऐकून समाधान वाटले. "भाव मेला नाई मंग, मुनीमाच्या पोटात जाऊन बसला."

चिठ्ठ्यांचा पर्याय तरीही पडला. वेचणी किलोवर असते आणि निंदण रोजाने असते, हे बचत गटातल्या बायांना सांगावे लागत नाही. किलोवर काम असले की तरण्या बाईचे गाठोडे म्हातारीच्या दुप्पट भरते आणि बाळ घेऊन आलेलीचे निम्मे. धुळीच्या वादळात नऊ आजारी असताना वस्तीने किलोचा हिशेब धरला तर ज्या घरात आजारी आहे तेच घर मागे पडेल, हे त्यांनी पाहिले. रोजाच्या कामातही एक खोट असते आणि ती त्यांनीच बोलून दाखवली: रोजावर असले की हात आपोआप सैल पडतो.

तिसरा पर्याय असा होता की मुनीमाला बाजूला सारून सगळे निर्णय सभेत घ्यावेत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण कोणीतरी काढले. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. त्या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०१३ मध्ये ग्रामदानाचा, म्हणजे जमिनीची मालकी ग्रामसभेकडे देण्याचा, ठरावही केला. ते उदाहरण मोलाचे होते, पण वायरमनने घड्याळाकडे बोट दाखवले. सहमती होईपर्यंत थांबता येते, श्वास मात्र थांबवता येत नाही. साठ जणांना रोज पन्नास किलो ऑक्सिजन लागतो.

चौथा पर्याय कोणी मांडला असे सांगता येत नाही, तो बोलता बोलता तयार झाला. मी त्यांना दोन जुनी प्रकरणे सांगितली होती. एक अमेरिकेतील अॅरिझोना राज्यातल्या बायोस्फिअर-२ चे. काचेच्या बंद इमारतीत १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ माणसे राहिली. आतला ऑक्सिजन कमी कमी होत सुमारे साडेचौदा टक्क्यांवर आला आणि शेवटी बाहेरून सोडावा लागला. मातीतले सूक्ष्म जीव ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत होते आणि तो वायू इमारतीचे काँक्रीट शोषून घेत होते, त्यामुळे ऑक्सिजन कुठे जातो आहे ते कळायला वेळ लागला. हिशेबात झाडे होती, माणसे होती, काँक्रीट नव्हते. हे ऐकून सेविका म्हणाल्या, "म्हणजे आमी त्यातलं काँक्रीट." दुसरे प्रकरण चिलीचे. साल्वादोर अय्येंदे यांच्या सरकारने १९७१ ते १९७३ या काळात ब्रिटिश तज्ज्ञ स्टॅफर्ड बीअर यांच्या मदतीने कारखाने टेलेक्सने राजधानीशी जोडण्याचा सायबरसिन प्रकल्प उभारला. त्यातली एक कल्पना मला नेहमी शहाणपणाची वाटत आली आहे. एखाद्या कारखान्याचा आकडा बिघडला तर तो आधी त्या कारखान्यालाच कळवायचा, सुधारायला मुदत द्यायची आणि ती उलटल्यावरच बातमी वर न्यायची. लष्करी उठावानंतर १९७३ मध्ये प्रकल्पच संपला.

घेतलेले निर्णय

पाचव्या संध्याकाळी निर्णय झाले. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय सांभाळण्याच्या कामाचा. ते मोजायचे नाही, धरायचे असे ठरले. प्रत्येक आजाऱ्यामागे रोज चार तास आणि पाच वर्षांखालील प्रत्येक मुलामागे तीन तास, कोणालाही न विचारता, त्या घराच्या खात्यावर कामाचे तास म्हणून लिहायचे. कोणाचे मूल किती रडते याची चौकशी करायची नाही. आमच्याकडे अंत्योदय शिधापत्रिकेवर घराला ३५ किलो मिळतात आणि प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो. एकाच दुकानात समानतेची दोन मापे चालतात, तर वस्तीतही चालू शकतील, हा मुद्दा ग्रंथपालांनी मांडला आणि तो पटला.

त्याचा हिशेब लगेच समोर आला. नऊ आजारी म्हणजे ३६ तास, आठ लहान मुले म्हणजे २४, असे साठ तास २१६ मधून गेले. राहिले १५६. एवढ्यात ऑक्सिजन, पाणी आणि सौरपट्टे सांभाळले असते, पण चालू असलेल्या दोन हरितगृहांपैकी एक बंद करावे लागले असते. दुसरा मार्ग म्हणजे वादळ सरेपर्यंत सर्वांचा दिवस, सांभाळणे धरून, नऊ तासांचा करायचा. म्हणजे २४३ तास, त्यातून साठ वजा जाता १८३. लहान मुले किंवा आजारी नसलेल्या घरांना त्यामुळे पूर्ण नऊ तास वस्तीच्या कामावर राबावे लागणार होते.

एका विद्यार्थ्याने स्पष्ट विरोध केला. "मूल त्यांचं, तास आमचे. हे समान कसं?" खोलीत थोडी कुजबुज झाली, पण प्रश्न टाकाऊ नव्हता. समान तास हा नियम मानला तर तो बरोबर होता. समान विसावा हा नियम मानला तर चूक. आम्ही सुरुवातीला यांपैकी काय मानतो हे ठरवलेच नव्हते. मतदान झाले. नऊ जण नऊ तासांच्या बाजूने, दोघे विरोधात, एक तटस्थ. विरोध नावाशिवाय वहीत लिहून ठेवला.

लपवलेल्या धान्याबाबत तिघांना शिक्षा हवी होती. ती झाली नाही. पाच टक्के वाढीचे उद्दिष्ट रद्द केले. प्रत्येक गटाला आपल्या उत्पादनाच्या पाच टक्क्यांपर्यंत दाणा स्वतःकडे, हिशेबाबाहेर, ठेवण्याची मुभा दिली. बायांनी त्याला "कणगी" म्हटले. उरलेल्या फरकासाठी चिलीची पद्धत घेतली, म्हणजे मुनीमाला तफावत दिसली तर दोन दिवस ती फक्त त्या गटाला दाखवायची आणि नंतर सर्वांना.

मैला-टाक्या साफ करण्याचे काम मुनीम सतत वायरमनच्या कुटुंबाला देत होता, कारण त्यांचा वेग जास्त होता. ते काम चिठ्ठ्या टाकून फिरते केले. रोजचे वाटप मुनीमाकडेच ठेवले, नियम बदलण्याचा अधिकार बैठकीकडे घेतला आणि बैठकीला चाळीस मिनिटांची मर्यादा घातली. तेवढ्यात ठरले नाही तर जुना नियम चालू राहील. ही चाळीस मिनिटे चहाच्या चौकटीतून काढली, हे वायरमनला अजून मान्य नाही.

काय निष्पन्न झाले

वादळ खेळात पस्तीस दिवस चालले. शेवटी साठा ५२ दिवसांचा उरला. मुनीमाचे जुनेच नियम चालू ठेवले असते तर काय झाले असते, हे यंत्र बसवणाऱ्या विद्यार्थ्याने पुन्हा चालवून पाहिले, तेव्हा ६१ दिवसांचा आकडा आला. म्हणजे आमच्या निर्णयांची किंमत नऊ दिवसांचे अन्न एवढी पडली. दोन माणसांच्या दिवसभराच्या एकूण कामातला सर्वांत मोठा फरक मात्र अकरा तासांवरून तीन तासांवर आला. कोणता आकडा मोठा मानायचा, यावर बारा जणांत एकमत नाही.

या तुलनेत एक दोष आहे आणि तो मुनीमाच्या बाजूने झुकतो. पाच तास झोपलेली बाई ऑक्सिजनच्या यंत्रावर चूक करू शकते, हे आमच्या खेळात कुठेच धरलेले नव्हते. ते धरले असते तर ६१ चा आकडा किती खाली आला असता, हे पाहायला हवे होते.

कणगीचा नियम आल्यावर हरितगृहाच्या नोंदी २०० किलोपर्यंत चढल्या. अपेक्षित आकड्याशी उरलेला फरक परवानगीच्या पाच टक्क्यांच्या आतच होता. आधी लपवलेला दाणा वादळाच्या शेवटच्या आठवड्यात बुवांनी स्वतःहून काढला. वरचे ५२ दिवस तो धरून आहेत.

सहाव्या संध्याकाळी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. धाकट्या शेतकऱ्याच्या पंपाला त्या आठवड्यात रात्रीची वीज होती, ते हरभऱ्याला पाणी द्यायला गेले. विरोधात मत देणारा विद्यार्थी आला नाही. त्याला मी दोनदा निरोप पाठवला होता.

वेगळे काय करता आले असते

कामांची यादी मी एकट्याने, एका संध्याकाळी, घरच्या टेबलावर बसून केली. त्या तासाभरात मला दोनदा चहा मिळाला आणि तो कोणी केला हे चौदा कलमांत नाही. यादी खेळणाऱ्या बारा जणांकडून आधी करून घेतली असती, तर तिसऱ्या संध्याकाळची अडचण पहिल्याच संध्याकाळी आली असती आणि वादळाच्या दबावाखाली नियम बदलावे लागले नसते.

दुसरी चूक जास्त सूक्ष्म आहे. मुनीम प्रत्येक वाटपाखाली "सर्व सदस्यांच्या हिताचा समतोल विचार करून" अशी वाक्ये लिहीत असे. आकड्यांवर पहिल्या दोन दिवसांत एकही आक्षेप आला नाही, याचे मोठे कारण मला ही भाषा वाटते. गावात इतके शुद्ध मराठी शासकीय आदेशात आणि लग्नपत्रिकेतच येते, आणि दोन्हींवर कोणी हरकत घेत नाही. पुढच्या वेळी यंत्राने फक्त तक्ता द्यावा. कारण विचारले तर कोणत्या अटीमुळे हा आकडा आला तेवढेच सांगावे.

छाया किमती मी चौथ्या दिवशी दाखवल्या, त्या पहिल्यापासून भिंतीवर लावायला हव्या होत्या. विजेचा आकडा चढताना दिसला असता तर हरितगृहे बंद करण्याआधी कोणीतरी वीज वाचवण्याचे दुसरे उपाय सुचवले असते. वायरमनकडे असे तीन उपाय तयार होते, हे खेळ संपल्यावर कळले.

मतदान घाईने झाले, असे आता वाटते. विरोध करणाऱ्या मुलाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, संख्या मिळाली. नऊ तासांचा नियम वादळापुरताच आहे, ही अट ठरावात स्पष्ट लिहिली असती तर कदाचित तो आला असता. ती तोंडी बोलली गेली, लिहिली गेली नाही.

पुढचा खेळ उन्हाळ्यात, पेरणीआधी ठेवायचा विचार आहे. त्यासाठी सेविका आणि बचत गटातल्या बाया मिळून कामांची नवी यादी करत आहेत. वाचनालयाच्या कपाटातल्या वहीत तिची सध्या एक्केचाळीस कलमे झाली आहेत. नियम ठरवायला बैठकीत बसण्याचा वेळ हे काम धरायचे की चहाच्या चौकटीत घालायचे, हे बेचाळिसावे कलम अजून पेन्सिलने लिहिलेले आहे.